मन वळवणे व सहभाग यांची इंग्रजी शब्दसंपदा (फ्रेंचभाषक विद्यार्थ्यांसाठी)

मन वळवणे व सहभाग यांची इंग्रजी शब्दसंपदा हा फ्रेंच मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांच्या इंग्रजी परीक्षेच्या तयारीतील एक रूढ शब्दगट आहे. एखाद्याला मत पटवणे, कृतीस राजी करणे, परावृत्त करणे, बाजू घेणे, चळवळीत उतरणे, वचनबद्ध होणे या अर्थांची क्रियापदे, नामे व वाक्प्रयोग त्यात येतात. अन्य भाषकांना हा शब्दगट नव्याने पाठ करावा लागतो. फ्रेंच विद्यार्थ्याला मात्र त्यातील बहुतेक शब्द पाहताक्षणीच ओळखीचे वाटतात, कारण ते त्याच्याच भाषेतून किंवा तिच्या लॅटिन मुळातून इंग्रजीत गेलेले आहेत. त्याची खरी अडचण या ओळखीतूनच निर्माण होते. शब्द तोच असतो, पण गेल्या आठ-नऊ शतकांत दोन्ही भाषांत त्याचे अर्थ वेगवेगळ्या वाटांनी गेलेले असतात.

अशा शब्दांना फ्रेंचमध्ये 'फोझामी', म्हणजे 'खोटे मित्र' म्हणतात. माक्सिम कोसलेर व ज्यूल देरोकिन्यी यांच्या १९२८ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाच्या शीर्षकामुळे ही संज्ञा रूढ झाली. ते पुस्तक इंग्रजी शब्दसंग्रहाने फ्रेंच अनुवादकाशी केलेल्या दगाबाजीविषयीच होते. मराठी वाचकाला ही कल्पना अपरिचित नाही. हिंदीतील 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, मराठीतील 'शिक्षा' म्हणजे दंड. हिंदीतील 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, मराठीतील 'चेष्टा' म्हणजे थट्टा. दोन्हींचे मूळ संस्कृत, लिपी एक, आणि तरीही घोटाळा व्हायचा तो होतोच.

प्रस्तुत लेखात इंग्रजी व फ्रेंच शब्द उच्चारानुसार देवनागरीत दिले आहेत. त्यामुळे 'एंगेजमेंट' आणि 'आंगाजमाँ' हे वेगळे दिसतात. रोमन लिपीत मात्र त्यांची अक्षरे तंतोतंत सारखी आहेत. फ्रेंच विद्यार्थी फसतो तो कागदावरच्या या सारखेपणामुळे.

परीक्षेतील स्थान

फ्रान्समधील माध्यमिक शिक्षणाच्या अखेरीस 'बाकालोरेआ' ही परीक्षा होते. नेपोलियनच्या १७ मार्च १८०८ च्या फर्मानाने ती आजच्या स्वरूपाच्या जवळ आली. महाराष्ट्रातील बारावीच्या परीक्षेशी तिची ढोबळ तुलना करता येईल. गुण विसापैकी दिले जातात. परकीय भाषांची पातळी युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या समान युरोपीय संदर्भ चौकटीनुसार ठरते. ए१ पासून सी२ पर्यंत सहा पायऱ्या असलेल्या या चौकटीत, शालान्त वर्षी पहिल्या परकीय भाषेत बी२ आणि दुसरीत बी१ ही पातळी अपेक्षित असते. बहुसंख्य विद्यार्थ्यांची पहिली परकीय भाषा इंग्रजी असते.

बी१ आणि बी२ यांच्यातला फरक बराचसा याच शब्दगटाशी निगडित आहे. बी१ पातळीचा विद्यार्थी अनुभव सांगतो, आवडनिवड सांगतो, मताचे थोडक्यात कारण देतो. बी२ पातळीवर त्याने एखाद्या मताच्या बाजूने किंवा विरोधात मुद्देसूद मांडणी करावी अशी अपेक्षा असते. वृत्तपत्राच्या संपादकास पत्र, सभेतील भाषण, एखाद्या सामाजिक मोहिमेच्या भित्तिपत्रकाचे विवेचन अशा लेखनप्रकारांतून ती तपासली जाते. २०१९ च्या सुधारणेनंतरच्या अभ्यासक्रमात खासगी व सार्वजनिक अवकाश, कला आणि सत्ता, नागरिकत्व आणि आभासी जग, विविधता आणि समावेशन असे विषयसूत्र ठरवून दिलेले आहेत. त्यांतील कोणत्याही सूत्रावर लिहायचे म्हटले तरी कोणी कोणाला काय पटवले आणि कोण कशात उतरले, हे सांगण्यावाचून गत्यंतर नसते.

शाळेपुढेही हा प्रश्न सुटत नाही. फ्रान्समधील अभियांत्रिकी पदव्यांना मान्यता देणाऱ्या आयोगाच्या निकषांनुसार पदवीधराचे इंग्रजी किमान बी२ पातळीचे असल्याचे बाहेरच्या परीक्षेने प्रमाणित व्हावे लागते. गणितात निष्णात असलेल्या विद्यार्थ्याची पदवी इंग्रजीपायी अडू शकते, ती यामुळे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने हेस्टिंग्जच्या लढाईत विजय मिळवून इंग्लंडचे राज्य घेतले. त्यानंतर सुमारे तीन शतके दरबार आणि न्यायालय यांची बोली फ्रेंच राहिली. वाद घालणे, बाजू मांडणे, विनंती करणे, सल्ला देणे ही कामे जिथे चालतात त्या जागाच फ्रेंचभाषक झाल्यामुळे इंग्रजीतील 'प्लीड', 'आर्ग्यू', 'डिबेट', 'काउन्सेल', 'पेटिशन', 'पार्लमेंट' हे सारे शब्द फ्रेंचमधून आले. 'पार्लमेंट'च्या मुळाशी तर 'बोलणे' या अर्थाचे फ्रेंच क्रियापदच आहे. न्यायालयातील युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत असा कायदा १३६२ मध्ये झाला, कारण पक्षकारांना फ्रेंच कळेनासे झाले होते. गंमत अशी, की हा कायदा लिहिला गेला तो फ्रेंचमध्येच.

शेतकऱ्याच्या आणि कारागिराच्या घरात मात्र जर्मानिक कुळातील जुनी इंग्रजी बोलली जात राहिली. त्यामुळे इंग्रजीत मन वळवण्याच्या शब्दांचे दोन थर तयार झाले. वरचा थर फ्रेंच-लॅटिन, लिखित व औपचारिक. खालचा थर 'टॉक', 'विन', 'ब्रिंग', 'पुट' अशा छोट्या क्रियापदांचा, बोलण्यातला. फ्रेंच विद्यार्थ्याला वरचा थर जणू वारसाहक्काने मिळतो आणि खालचा थर परका राहतो. परिणामी त्याचे इंग्रजी कित्येकदा नकळत भारदस्त होते. मित्राला फिरायला ये म्हणून सांगतानाही तो सरकारी परिपत्रकातले क्रियापद वापरतो.

'कन्व्हिन्स' आणि 'पर्स्वेड'

या शब्दगटातील हे मध्यवर्ती जोडपे आहे आणि शिकवताना सर्वाधिक वेळ त्यालाच द्यावा लागतो. 'कन्व्हिन्स'चे मूळ लॅटिन क्रियापद 'पूर्णपणे जिंकणे' या अर्थाचे आहे. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मध्ये पहारेकऱ्यांना दारू पाजून नामोहरम करण्यासाठी हेच क्रियापद वापरलेले आहे. तेथे मत पटवण्याचा संबंध नाही. 'पर्स्वेड'च्या मुळाशी सल्ला देण्याचे क्रियापद असून त्याचे नाते 'गोड' या अर्थाच्या लॅटिन विशेषणाशी आहे. एकात विजय आहे, तर दुसऱ्यात गोडवा.

फ्रेंचमध्ये हे दोन शब्द 'कोंव्हँक्र' आणि 'पेर्स्युआदे' असे आहेत, आणि त्यांच्यातला भेद तिथल्या शाळेत काटेकोरपणे शिकवला जातो. बुद्धीला आवाहन करून मान्य करायला लावणे म्हणजे 'कोंव्हँक्र'. भावनेला हात घालून आपल्या बाजूला ओढणे म्हणजे 'पेर्स्युआदे'. या भेदामागे मोठी परंपरा आहे. सतराव्या शतकात ब्लेझ पास्काल याने मन वळवण्याच्या कलेवरील लेखनात, पटवून देण्याइतकेच रुचेल असे सांगण्यालाही महत्त्व असते, असे मांडले. शाईम पेरेलमन व ल्युसी ओल्ब्रेख्ट्स-तितेका यांनी १९५८ च्या आपल्या युक्तिवादशास्त्रावरील ग्रंथात हाच भेद श्रोत्यांच्या आधारे केला: विशिष्ट श्रोतृवर्गापुरते चालते ते मन वळवणे, आणि कोणाही विवेकी माणसाला मान्य व्हावे ते पटवून देणे. २००० च्या दशकात तर 'पटवणे, मन वळवणे आणि साधकबाधक विचार करणे' हा फ्रेंच भाषेच्या शालेय अभ्यासक्रमातील स्वतंत्र घटक होता.

इंग्रजीतला भेद निराळ्या जागी आहे. तिथे 'कन्व्हिन्स'चा शेवट मतात होतो आणि 'पर्स्वेड'चा कृतीत. धूम्रपान घातक आहे हे एखाद्याला 'कन्व्हिन्स' केले जाते. सिगारेट सोडायला त्याला 'पर्स्वेड' केले जाते. पहिले झाले म्हणून दुसरे होतेच असे नाही, हे कोणत्याही घरात पाहता येईल. मराठीत हा भेद सहज दाखवता येतो: मत पटते, माणूस राजी होतो. पारंपरिक व्याकरणानुसार 'कन्व्हिन्स'नंतर 'ऑफ' किंवा 'दॅट' येते आणि 'पर्स्वेड'नंतर 'टू'सह क्रियापद. विसाव्या शतकात अमेरिकेत 'कन्व्हिन्स'नंतरही 'टू' रूढ झाले आणि आता बहुतेक कोश ते मान्य करतात. परीक्षेच्या दृष्टीने जुना नियम पाळणे अधिक सुरक्षित होय.

फ्रेंच शाळेत शिकलेला विद्यार्थी बुद्धी आणि भावना यांचा भेद इंग्रजीवर लादतो, तेव्हा व्याकरणदृष्ट्या निर्दोष पण आशयाने भलतेच वाक्य तयार होते. आकडेवारी देऊन लोकांना मतदानाला बाहेर काढले, हे सांगताना तो आकडेवारी आहे म्हणून 'कन्व्हिन्स' निवडतो आणि लोकांना केवळ मत पटले असा अर्थ मागे ठेवतो. याउलट 'मला खात्री आहे' यासाठी फ्रेंचमध्ये 'पेर्स्युआदे' या विशेषणाचा सर्रास वापर होत असल्याने तो इंग्रजीत 'आय अ‍ॅम पर्स्वेडेड' असे लिहितो. आजच्या इंग्रजी वाचकाला ते जुन्या प्रवचनासारखे वाटते.

याच कुळातील 'कन्व्हिक्शन' अधिक धोकादायक आहे. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ठाम धारणा. इंग्रजीत ती धारणा आहेच, शिवाय न्यायालयाने दोषी ठरवणे हाही अर्थ आहे. 'कन्व्हिन्स्ड' आणि 'कन्व्हिक्टेड' यांची गल्लत झाली, की 'माझी खात्री पटली आहे' असे म्हणू पाहणारा विद्यार्थी स्वतःला शिक्षापात्र गुन्हेगार म्हणून जाहीर करतो.

'आंगाजमाँ' आणि त्याचे इंग्रजी पर्याय

सहभागाच्या बाजूला सर्वांत जड शब्द 'आंगाजमाँ' हा आहे. त्याच्या मुळाशी 'गाज' म्हणजे तारण किंवा गहाण. हा शब्द मुळात जर्मानिक. फ्रान्सच्या मध्यभागात त्याच्या आरंभी 'ग' आला, उत्तरेकडील नॉर्मन बोलीत 'व' राहिला. म्हणून इंग्रजीतील 'वेज' (मजुरी) आणि 'एंगेज' हे एकाच शब्दाचे दोन अवतार आहेत. 'मॉर्गेज' या गहाणखताच्या शब्दातही तोच 'गाज' आहे. स्वतःला तारण ठेवणे, म्हणजे 'आंगाजे' होणे.

फ्रेंचमध्ये या एका क्रियापदाच्या पोटात बरेच काही मावते: सैन्यात भरती होणे, वचन देणे, नोकरीवर ठेवणे, एखाद्या कार्याला वाहून घेणे. इंग्रजीत या प्रत्येकाला वेगळा शब्द लागतो. सैन्यात भरती होण्यासाठी 'एनलिस्ट' किंवा 'जॉइन अप', वचनासाठी 'प्लेज' किंवा 'कमिट', नोकरीसाठी 'हायर', कार्यासाठी 'गेट इन्व्हॉल्व्हड'. इंग्रजीतील 'एंगेज्ड' या विशेषणाचा रोजच्या वापरातील अर्थ साखरपुडा झालेला असा आहे. ब्रिटनमध्ये फोन व्यग्र असणे आणि शौचालय रिकामे नसणे हेही त्यानेच सांगतात. 'मी तरुणपणापासून एंगेज्ड आहे' या वाक्याने विद्यार्थी कोणती माहिती देतो, हे वेगळे सांगायला नको.

दुसऱ्या महायुद्धानंतर या शब्दाला वैचारिक वजन आले ते जाँ-पॉल सार्त्र याच्यामुळे. ऑक्टोबर १९४५ मध्ये सुरू झालेल्या 'ले ताँ मोदेर्न' या नियतकालिकातून त्याने लेखकाने आपल्या काळाची जबाबदारी अंगावर घ्यावी अशी भूमिका मांडली, आणि साहित्य म्हणजे काय या प्रश्नावरील त्याचा निबंध १९४८ मध्ये पुस्तकरूपाने आला. त्याच्या या संकल्पनेसाठी इंग्रजी समीक्षेत 'कमिटेड लिटरेचर' हा पर्याय रुळला; 'आंगाजे' हे फ्रेंच विशेषणही जसेच्या तसे इंग्रजी कोशांत गेले. मराठी समीक्षेतील 'बांधिलकी' हा शब्द याच अर्थक्षेत्रातला. 'सामाजिक बांधिलकी' हा प्रयोग मराठीत इतका रुळला आहे, की त्यातला 'बांधले जाणे' हा अर्थ आता कानाला जाणवतही नाही. 'आंगाजमाँ'मधील तारण, 'कमिटमेंट'मधील सोपवणे आणि 'बांधिलकी'तील बंधन यांचा भाव एकच आहे: माणूस काहीतरी पणाला लावून शब्द देतो.

'कमिट' या क्रियापदाने नवी अडचण उभी केली. त्याचे फ्रेंच भावंड 'कोमेत्र' हे गुन्हा किंवा चूक करणे एवढ्याच अर्थाने वापरले जाते. इंग्रजीत मात्र गुन्हाही 'कमिट' होतो आणि समाजसेवेलाही माणूस 'कमिट' होतो. त्यामुळे फ्रेंच विद्यार्थी हा शब्द चांगल्या अर्थाने वापरायला कचरतो आणि पुन्हा 'एंगेज'कडे वळतो.

२०१० मध्ये स्तेफान एसेल या माजी प्रतिकारसैनिकाची छोटी पुस्तिका फ्रान्समध्ये अफाट खपली. तिचे शीर्षक 'संतापून उठा' अशा अर्थाचे आज्ञार्थी क्रियापद होते. इंग्रजीत असे क्रियापद नसल्याने भाषांतराचे शीर्षक 'संतापाची वेळ झाली' अशा अर्थाच्या नामप्रधान शब्दांत द्यावे लागले. पुढच्या वर्षीच्या त्याच्या पुस्तकाचे नाव 'आंगाजे व्हू' असे होते. साध्या इंग्रजीत त्याला 'गेट इन्व्हॉल्व्हड' म्हणावे लागेल. फ्रेंच जे एका कर्मकर्तरी क्रियापदात सांगते ते इंग्रजी 'गेट' आणि विशेषण जोडून सांगते, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या हातून सतत निसटते.

अलीकडे प्रवाह उलटा फिरला आहे. समाजमाध्यमांवरील प्रतिसादाच्या मोजमापासाठी इंग्रजीत 'एंगेजमेंट' हा शब्द आला आणि तो त्या अर्थासह फ्रेंचमध्ये परतला. सार्त्रचा शब्द आता चित्रफितीखालील पसंतीच्या खुणा मोजतो.

अन्य फसवे शब्द

फसव्या शब्दांच्या याद्या बाजारात भरपूर आहेत आणि त्यांतील अर्ध्याअधिक जोड्या या विषयाशी संबंध नसलेल्या असतात. परीक्षेत प्रत्यक्ष नुकसान करणाऱ्या जोड्या मोजक्या आहेत. एक उदाहरण घेऊ. विद्यार्थ्याला लिहायचे आहे: 'मी एका पर्यावरणवादी संस्थेचा कार्यकर्ता आहे. गेल्या आठवड्यात मी मोर्च्याला हजर होतो. आम्ही तरुणांना मतदानास प्रवृत्त करतो.' त्याने फ्रेंच शब्दांचीच इंग्रजी रूपे वापरली, तर वाचणाऱ्याच्या हाती पडते ते असे: 'मी एका संस्थेचा अतिरेकी आहे. गेल्या आठवड्यात मी एका प्रकटीकरणाला मदत केली. आम्ही तरुणांना मतदानासाठी चिथावतो.'

यातील 'मिलिताँ' म्हणजे फ्रेंचमध्ये पक्षाचा किंवा संघटनेचा साधा कार्यकर्ता, सभासद गोळा करणारा, पत्रके वाटणारा. इंग्रजी 'मिलिटंट'ला आक्रमकतेचा वास आहे, आणि भारतीय वृत्तपत्रांत तर तो सशस्त्र अतिरेक्यासाठीच येतो. शतकापूर्वी स्थिती थोडी वेगळी होती. १९०३ मध्ये मँचेस्टर येथे एमेलिन पँकहर्स्ट यांनी स्थापन केलेल्या संघटनेच्या मताधिकारवादी स्त्रिया स्वतःला 'मिलिटंट' म्हणवून घेत, ते सनदशीर विनंत्यांचा मार्ग सोडल्याचे सांगण्यासाठी. त्यांना 'सफ्रजेट' हे नाव १९०६ मध्ये 'डेली मेल'ने हिणवण्यासाठी दिले, आणि त्यासाठी जोडलेला लघुत्वदर्शक स्त्रीलिंगी प्रत्यय फ्रेंच होता. त्या स्त्रियांनी ते नाव अभिमानाने स्वीकारले. आज कार्यकर्त्यासाठी 'अ‍ॅक्टिव्हिस्ट' किंवा 'कॅम्पेनर' हे शब्द योग्य होत.

'आसिस्ते' म्हणजे हजर राहणे. इंग्रजी 'असिस्ट' म्हणजे साहाय्य करणे. 'मानिफेस्तास्यों' म्हणजे मोर्चा. त्यासाठी इंग्रजीत 'डेमन्स्ट्रेशन'. 'अँसिते'त प्रोत्साहनाचा निरुपद्रवी अर्थ आहे, तर इंग्रजी 'इन्साइट' दंगल किंवा द्वेष यांच्याच शेजारी बसते. 'आधेरे' म्हणजे सभासद होणे. इंग्रजी 'अ‍ॅडहिअर' म्हणजे नियमाला चिकटून राहणे.

युक्तिवादाच्या बाजूला 'प्रेताँद्र' हे क्रियापद सर्वांत घातक. फ्रेंचमध्ये दावा करणे, इंग्रजीत सोंग करणे. 'लेखिका असा दावा करते' हे वाक्य 'लेखिका असे ढोंग करते' असे होते, आणि उताऱ्याच्या आकलनावरील उत्तरात त्याने लेखिकेवर विनाकारण आरोप होतो. 'एव्हिदाँस' म्हणजे उघड गोष्ट, जिला पुराव्याची गरज नाही. इंग्रजी 'एव्हिडन्स' म्हणजे नेमका पुरावा. 'देसव्वार' म्हणजे निराशा करणे, 'डिसीव्ह' म्हणजे फसवणे. जाहिरातीने निराशा केली म्हणणे आणि जाहिरातीने फसवले म्हणणे यांत कायद्याचे अंतर आहे. 'सांसिब्ल' म्हणजे हळवा, 'सेन्सिबल' म्हणजे समंजस. 'स्युपोर्ते' मुळात सहन करणे. त्यामुळे 'मला तो नेता सहन होत नाही' असे सांगू पाहणारा विद्यार्थी 'मी त्याला पाठिंबा देऊ शकत नाही' एवढे सौम्य विधान करून थांबतो. 'एव्हांत्युएलमाँ' म्हणजे कदाचित, 'इव्हेंच्युअली' म्हणजे शेवटी एकदाचे.

'अँप्लिके' हे क्रियापद स्वतंत्र उल्लेखास पात्र आहे. घडी घालणे, गुंतवणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदातून ते आले. त्याच मुळातून इंग्रजीत 'इम्प्लाय' (सूचित करणे), 'इम्प्लिकेट' (गुन्ह्यात गोवणे) आणि 'एम्प्लॉय' (कामावर ठेवणे) असे तीन शब्द आले. सहभागाचा जो साधा अर्थ फ्रेंच शब्दात आहे तो मात्र या तिघांपैकी कोणाकडेच गेला नाही. तो 'इन्व्हॉल्व्ह'ने घेतला. शाळेच्या स्नेहसंमेलनात 'इम्प्लिकेटेड' असणारा विद्यार्थी त्यामुळे पोलिसांना हवा असल्यासारखा वाटतो.

'कोंसेर्ने' म्हणजे ज्याच्याशी संबंध येतो तो. इंग्रजीत 'कन्सर्न्ड' नामानंतर आले तर संबंधित, नामाआधी आले तर चिंतित. हा घोटाळा केवळ फ्रेंचांचा नाही. भारतीय कार्यालयीन इंग्रजीत 'संबंधित अधिकारी' या अर्थाने 'कन्सर्न्ड ऑफिसर' हा प्रयोग सर्रास आहे, आणि ब्रिटिश वाचकाला तो अधिकारी काळजीत पडलेला दिसतो.

वाक्यरचना व छोटी क्रियापदे

शब्द बरोबर निवडूनही पुढच्या शब्दयोगी अव्ययावर गाडी अडते. फ्रेंचमध्ये प्रवृत्त करण्याची क्रियापदे 'आ' किंवा 'द' घेऊन पुढे क्रियापदाचे मूळ रूप घेतात, मग ते प्रोत्साहन असो वा परावृत्त करणे. इंग्रजीत पुढे ढकलणे आणि मागे खेचणे यांची रचना वेगळी आहे. प्रोत्साहन देताना 'टू' आणि मूळ क्रियापद. परावृत्त करताना 'फ्रॉम' आणि '-इंग' रूप. 'कमिटेड टू' यातील 'टू' तर दिसायला पहिल्यासारखा, पण त्यापुढे '-इंग' लागतो. फ्रेंच विद्यार्थी तेथे हमखास मूळ रूप लिहितो.

'सजेस्ट' या क्रियापदावर सर्वाधिक गुण जातात असे मानायला हरकत नाही. फ्रेंचमध्ये कोणाला काही करण्याचे सुचवले जाते. इंग्रजीत तशी रचना चालत नाही. मराठी भाषकांच्या इंग्रजीतही 'ही सजेस्टेड मी टू गो' हे वाक्य पदोपदी भेटते. खरे तर मराठीजवळ योग्य रचनेचा नमुना तयार आहे: 'मी जावे असे त्याने सुचवले'. यातील विध्यर्थी 'जावे' हीच इंग्रजीतील 'दॅट'नंतरच्या क्रियापदाची जागा. 'अ‍ॅडव्हाइस' हे नाम इंग्रजीत मोजता येत नाही. फ्रेंचमधील 'कोंसेय' आणि मराठीतील 'सल्ला' दोन्ही मोजता येतात, म्हणून दोघेही 'अ‍ॅन अ‍ॅडव्हाइस' लिहून मोकळे होतात.

खालच्या थरातील छोट्या क्रियापदांना फ्रेंचमध्ये जोड नाही. 'टॉक इंटू' म्हणजे बोलून बोलून भरीस घालणे, 'टॉक आउट ऑफ' म्हणजे बोलून बेत रद्द करायला लावणे, 'विन ओव्हर' म्हणजे आपल्या बाजूला वळवून घेणे, 'ब्रिंग राउंड' म्हणजे हळूहळू मान्य करायला लावणे, 'पुट ऑफ' म्हणजे मन उडवणे. 'एग ऑन' या प्रयोगात अंड्याचा संबंध नाही; ते चिथावणे या अर्थाचे जुने नॉर्स क्रियापद आहे. मराठी वाचकाला ही छटांची श्रीमंती ओळखीची वाटेल. गळ घालणे, समजूत काढणे, भरीस घालणे, फूस लावणे, गळी उतरवणे, हरभऱ्याच्या झाडावर चढवणे यांत मन वळवण्याचे किती प्रकार आहेत आणि त्यातला प्रत्येक प्रकार वळवणाऱ्याच्या हेतूविषयी काय सांगतो, हे मराठी माणसाला शिकवावे लागत नाही. इंग्रजीतही शब्दाच्या निवडीतून हेतूवर निवाडा होतो. 'कोक्स' केले तर गोडीगुलाबीने, 'नॅग' केले तर कटकट करून, 'अर्ज' केले तर कळकळीने.

या यादीत अलीकडे 'नज' या शब्दाची भर पडली. कोपराने हलकेच ढोसणे हा त्याचा मूळ अर्थ. रिचर्ड थेलर व कॅस सनस्टीन यांच्या २००८ मधील पुस्तकानंतर, सक्ती न करता निवडीची मांडणी बदलून माणसाला हितकर पर्यायाकडे वळवणे यासाठी तो पारिभाषिक झाला. थेलर यांना २०१७ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. फ्रेंचमध्ये त्यासाठी 'अंगठ्याचा टेकू' अशा अर्थाचा जुना वाक्प्रचार उपलब्ध असूनही इंग्रजी शब्दच अधिक चालतो.

महाराष्ट्रातील फ्रेंच अभ्यासाशी संबंध

मुंबई, पुणे यांसारख्या शहरांतील अनेक शाळा व महाविद्यालयांत फ्रेंच ही वैकल्पिक भाषा आहे, आणि दोन्ही शहरांत 'आलियाँस फ्राँसेझ' या संस्थेचे वर्ग चालतात. तेथील 'देल्फ' परीक्षाही याच युरोपीय चौकटीच्या पातळ्यांवर आधारलेल्या आहेत. या विद्यार्थ्यांची वाट उलट दिशेची असते. ते इंग्रजीच्या खांद्यावर उभे राहून फ्रेंचकडे पाहतात; म्हणून 'आसिस्ते'चा अर्थ मदत, 'प्रेताँद्र'चा अर्थ सोंग आणि 'मिलिताँ'चा अर्थ अतिरेकी असे ते धरून चालतात. फ्रेंच वृत्तपत्रातील निवडणुकीची बातमी वाचताना पक्षाचे सारे कार्यकर्ते त्यांना शस्त्रधारी वाटू लागतात. अशा ठिकाणी अर्थ इंग्रजीतून न आणता थेट मराठीतून बांधणे अधिक उपयुक्त ठरते: 'कोंव्हँक्र'साठी पटवणे, 'मिलिताँ'साठी कार्यकर्ता, 'मानिफेस्तास्यों'साठी मोर्चा, 'आंगाजमाँ'साठी बांधिलकी. या चारही जोड्यांत मराठी शब्द इंग्रजीतील दिसायला सारख्या शब्दापेक्षा फ्रेंच अर्थाच्या अधिक जवळ जातो.